अनुक्रमणिकेतली शेवटची ओळ

पेंटर,

तुम्ही गेलात त्याला आज एकवीस दिवस झाले, आणि मी अजून तुमच्या अक्षरांमधूनच ये-जा करते आहे. कामथडीहून नसरापूरला निघाले की खताच्या दुकानाच्या भिंतीवर तुमचा 'ब' भेटतो, जेवून पोट पुढं काढून उभा राहिल्यासारखा. मग शिवणक्लासची पाटी, मग गॅरेजची. सकाळी धुकं असलं की भिंती दिसत नाहीत, नुसती अक्षरं दिसतात, आणि तीही जमिनीपासून थोडी वर. परवा शेअर रिक्षात माझा डोळा लागला. स्वप्नात सगळ्या गावांच्या पाट्या आपापल्या भिंती सोडून एका मोठ्या पांढऱ्या पानावर येऊन मांडी घालून बसत होत्या, आणि तुम्ही त्यांच्यामधून "सरका, जरा सरका" म्हणत फिरत होता. जाग आली तेव्हा नसरापूर आलं होतं आणि रिक्षावाला बाई उतरा म्हणत होता.

मला तुम्हाला एकच विचारायचं आहे. तुम्ही माझ्यावर रागावून गेलात का? शेवटचा अंक तुमच्या हातात दिल्यावर नऊ दिवस होते माझ्याकडे विचारायला. तुमचं भोर काही लांब नाही. पण मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले, आणि दहाव्या दिवशी सकाळी तुमच्या घरून सुमनवहिनींचा फोन आला.

हे आता छापून येणार, म्हणून तुम्हाला पाठ असलेलंही थोडं सांगते. वाचायला आलेल्याला दारात ताटकळत ठेवू नये, हे तुमचंच म्हणणं. तर, मी शाळेत गाणं शिकवत होते. गळ्याचं ऑपरेशन झालं, वरचे सूर गेले ते गेलेच. गाता येईना म्हणून मी गाण्याविषयी छापायचं ठरवलं आणि 'नादखोरं' नावाचं त्रैमासिक काढलं. भोर-वेल्ह्यातली भजनी मंडळं, गायन पार्ट्या, सनईवाले, ढोल-लेझीमवाले, यांच्यासाठी. नावाचं अक्षर काढून घ्यायला तुमच्या दुकानात आले. तुमचे तेव्हा वाईट दिवस होते. फ्लेक्स आला होता आणि ब्रश डब्यात वाळत पडले होते. तुम्ही कच्चा अंक हातात घेतलात, पहिलं पान उलटलंत आणि अनुक्रमणिकेवर थांबलात. बराच वेळ बघितलंत.

"बाई, मला वाटलं मतदार यादी हाय."

मला इतका राग आला होता. दोन दिवस बसून तयार केलेलं पान होतं ते. डावीकडं लेखाचं नाव, उजवीकडं पानाचा आकडा, मध्ये सरळ टिंबांची रांग. तुम्ही त्या टिंबांवरून नख फिरवत विचारलंत की ह्या मुंग्या कशाला सोडल्यात. मग मला स्टुलावर बसवून तुम्ही तो धडा दिलात, जो मला कुठल्या पुस्तकात मिळाला नसता. पाटी वाचणारा माणूस एसटीत बसलेला असतो. गाडी थांब्यावर थांबते, दोन माणसं चढतात, एक उतरतं, तेवढ्यात पाटी वाचून झाली पाहिजे आणि डोक्यात राहिली पाहिजे. अंक घेणाराही तसाच. दुकानात उभा राहून पहिलं पान उलटतो, तेवढाच थांबा. त्यात त्याला कळलं पाहिजे की इथं आपल्यासाठी काहीतरी शिजतंय. पण दारातच ताट वाढायचं नाही, नुसता वास जाऊ द्यायचा.

आणि मग तुम्ही माझ्या लेखांची नावं बदलायला बसलात. माझं होतं 'भजनी परंपरेतील पखवाजवादनाचे स्थान'. तुम्ही लेख वाचलात, आणि त्याच्यावर लिहिलंत, 'पखवाजाला कणीक किती लावायची?' माझं होतं 'हार्मोनियमची निगा', तुमचं झालं, 'पेटीत उंदीर शिरला तर'. मी म्हटलं, पेंटर, हे संगीताचं त्रैमासिक आहे, कृषिप्रदर्शन नव्हे. तुम्ही म्हणालात, मग बघाच. पान नसरापूरच्या स्टँडजवळ चहाच्या टपरीला टांगलंत आणि मला समोरच्या बाकावर बसवलंत. एक म्हातारे गृहस्थ आले, चहा घेतला, पानावर बोट ठेवलं. बोट फिरत फिरत कणकीवर थांबलं. त्यांनी शेजारच्याला सांगितलं की हे मीठ घालायचं सांगतायत का बघ, आमचे बुवा मीठ घालायचे. त्या दोघांचं कणकीवर भांडण लागलं आणि त्यांची एसटी निघून गेली. तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत, नुसता चहा प्यालात. त्या दिवसापासून अनुक्रमणिका तुमच्या हातची.

पण पहिल्याच अंकात आपण जी माती खाल्ली ती दोघांनी मिळून खाल्ली, हे मान्य करा. वेल्ह्याकडचे धोंडीबुवा म्हणजे या भागातले सगळ्यांत जुने भजनी. त्यांची मुलाखत मी मोठ्या कष्टानं मिळवली होती. मान म्हणून ती अनुक्रमणिकेत सगळ्यांत वर घातली. तुम्ही नाव ठळक केलंत, बाजूला छोटी वीणा काढलीत. आठवड्यानं अंक परत आला, न वाचता घडी घातलेला. निरोप एवढाच की बुवांना असला अंक नको.

आपण एसटीनं वेल्ह्याला गेलो. तो प्रवास मला अजून अर्धवट झोपेत असल्यासारखा आठवतो. खिडकीबाहेर भातखाचरं पाण्यानं भरलेली, त्यात उलटे डोंगर, आणि तुम्ही पुढच्या सीटवर मांडीवर अंक घेऊन बसलेले, बुवांचं नेमकं काय दुखलं असेल ते शोधत. वीणेला तार एक कमी पडली का, नाव चुकलं का. बुवा ओसरीवर बसले होते. पाणी दिलं, चहा दिला, पण अंकाचं नाव काढेनात. शेवटी तुम्हीच विचारलंत. तेव्हा ते म्हणाले, "चाळीस वर्सं भजन करतोय म्या. मला सुरवातीला बसवलं. सुरवातीला कोन म्हनतं? ज्याचं अजून गळ्यात बसायचंय ते पोरगं."

करायला गेलो गणपती आणि झालं माकड. मी तर गाणं शिकलेली बाई. मैफलीत धाकटे आधी गातात आणि थोर शेवटी, हे मला माहीत नव्हतं असं नाही. भजनातही आधी नवी पोरं म्हणतात, आणि भैरवी म्हणायला ज्याला पुढं करतात तो सगळ्यांत मोठा. तुमच्या वडिलांच्या गायन पार्टीतही मुख्य गायक शेवटीच उभा राहतो. सगळं माहीत होतं. फक्त कागदावर आलं की ते लागू होतं, हे डोक्यात आलं नव्हतं. मी पान वरून खाली वाचत होते. बुवा पान म्हणजे बसलेली सभा समजून वाचत होते, आणि त्या सभेत आपण त्यांना दारापाशी, चपलांजवळ बसवलं होतं. परतीच्या गाडीत तुम्ही त्या पानावरून बोट वर-खाली फिरवत बसला होता. मग मागं वळून म्हणालात, बाई, पान म्हंजे बी सभाच हाय. आता मला कळलं कसं बसवायचं.

पुढची बारा वर्षं तुम्ही बसवलंत. वर हलकं, गमतीचं, पोराबाळांचं. खाली येत येत जड. आणि सगळ्यांत शेवटच्या ओळीला सगळ्यांत मोठं अक्षर, भोवती मोकळी जागा, कारण मोठ्या माणसाला टेकायला जागा लागते, असं तुम्ही म्हणायचा. आपला वाचक अंक हातात आला की बोट थेट तळाशी नेतो हे मी कितीतरी वेळा पाहिलं. भोंगवलीची एक लेझीमवाली पोरगी तर मला म्हणाली होती, शेवटाला कोन हाय ते आधी बघतो, मग घ्यायचा का न्हाई ते ठरवतो. बाहेरच्या अंकवाल्यांना हे सांगितलं तर ते हसायचे. मीही सुरुवातीला त्यांच्याबरोबर थोडी हसले आहे, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आपलं भांडण मोबाईलपासून लागलं. अनुक्रमणिकेचा फोटो मी ग्रुपवर टाकायला लागले, आणि पुण्यातले वर्गणीदार विचारायला लागले की या अंकात विशेष काय. कारण मोबाईलवर वरच्या चार ओळी दिसतात, खालचं दिसत नाही. मी म्हणायची, पेंटर, भारी माल वर आणा. तुम्ही म्हणायचा, मग मोबाईल उलटा धरा म्हनावं. मी म्हणायची, जग बदललं. तुम्ही म्हणायचा, जग बदललं म्हणून बुवाला चपलांपाशी बसवू का. यात मीही चूक नव्हते, हे तुम्ही आज तरी मान्य कराल का? जो माणूस खाली सरकवतच नाही त्याच्यापर्यंत शेवटची ओळ पोचणार कशी, याचं उत्तर तुम्ही कधी दिलं नाहीत. ब्रश धुवायला घ्यायचात, म्हणजे विषय संपला.

दुसरं भांडण जुनं. तुमच्या वडिलांची गायन पार्टी, पेटी डोक्यावर घेऊन ओढे ओलांडत वेल्ह्यापर्यंतच्या वस्त्यांवर भीमगीतं गात गेलेली माणसं, त्यांच्यावर तुम्ही लिहा, असं मी पहिल्या वर्षापासून तुमच्या मागं लागले होते. तुम्ही टाळत आलात. आपलंच आपण छापून घ्यायचं बरं दिसत नाही म्हणायचात. मला पुढं पुढं खरं कारण कळलं. सगळ्यांना जागा देणाऱ्या माणसाला स्वतःची जागा ठरवता येत नव्हती. वर ठेवावं तर बापाला धाकटं केलं, शेवटी ठेवावं तर लोक म्हणणार, पेंटरच्या हातात ब्रश आहे म्हणून बसला जाऊन शेवटी. वाढपी मागनं जेवतो, असं म्हणून तुम्ही हसण्यावारी न्यायचा. आणि उलट मलाच टोचायचात की बाई, तुमी लिवता मस्त, पर गात का न्हाई? वरचे सूर गेलेत, खालचे हाईत की. मी म्हणायची, खालच्या सुरांत कोण ऐकेल. अशी दोघंही एकमेकांना ढकलत राहिलो आणि दोघंही जागची हललो नाही.

मग तुमचं छातीचं दुखणं सुरू झालं. दुकान बंद, ब्रश बंद. आणि त्याच महिन्यात तुम्ही वहिनींच्या हातून बारा पानं पाठवलीत, वर नाव, 'डोक्यावर पेटी'. मी ती स्वयंपाकघरात उभ्यानं वाचली आणि रडले. इतकं साधं आणि इतकं खरं आपल्या अंकात कधी आलं नव्हतं. छापखान्याची घाई होती. अनुक्रमणिका मी पहिल्यांदाच एकटीनं केली, कॉम्प्युटरवर. आणि 'डोक्यावर पेटी' सगळ्यांत वर घातलं. मोठ्या अक्षरात, तुमच्या नावासकट.

मोबाईलचं कारण मी स्वतःला देते, पण ते अर्धंच खरं आहे. मला तुमचा सत्कार करायचा होता. पुण्याच्या माणसानं ग्रुप उघडला की पहिलं तुमचंच नाव दिसावं, एवढा मोह झाला. त्या मोहात वेल्ह्याची ओसरी मी साफ विसरले.

अंक घेऊन मी तुमच्या घरी आले. तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होता. पान उलटलंत. बोट सवयीनं तळाशी गेलं. तिथं वर्गणीचा पत्ता होता. मग बोट हळूहळू वर चढत गेलं आणि पहिल्या ओळीवर थांबलं.

"मला पयल्यांदा बसवलंत व्हय, बाई."

एवढंच म्हणालात. आवाजात राग नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. अंक पालथा ठेवलात, आणि वहिनींना चहाचं विचारलंत. मी चहा घेतला, पावसापाण्याचं बोलले आणि घरी आले. तोंडात आलेला शब्द गिळला. चुकलं माझं, पेंटर. हे तेव्हा म्हणायला दोन शब्द पुरले असते. आता एवढा मोठा लेख लिहूनही ते पुरेसं म्हटल्यासारखं वाटत नाही.

तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम भोरला झाला, विहाराशेजारच्या मांडवात, भर दुपारी. कापडातून पिवळं ऊन गाळून येत होतं आणि त्यात सगळी माणसं जरा लांब, जरा पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती. तुमच्या पार्टीतली माणसं पेटी, ढोलकी घेऊन बसली होती. धोंडीबुवा वेल्ह्याहून आले होते, काठी टेकत, दोघांचा हात धरून. मी मागं बायकांत बसले. तेवढ्यात वहिनी उठून माझ्यापाशी आल्या आणि कानाशी म्हणाल्या की बाई, तुमी शेवटाला.

मला वाटलं, बोलायचं आहे. म्हटलं, दोन शब्द आधीच बोलून घेते. तर म्हणाल्या, बोलायचं न्हाई, म्हनायचं हाय. त्यांनी सांगून ठिवलंय कुनी कवा म्हनायचं ते. मी म्हटलं, वहिनी, मी बारा वर्षांत माणसांसमोर गायलेली नाही, आणि बुवा बसलेत, बुवांच्या नंतर मी? वहिनी मला हाताला धरून बुवांकडं घेऊन गेल्या.

बुवांनी मान वर केली. डोळ्यांना आता कमी दिसतं, त्यांनी आधी माझा हात चाचपला. म्हणाले, "आनंदा पेंटरनं मला फोन केला हुता. म्हनला, बुवा, तुमची जागा बाईला देऊ का? म्या म्हनलं, दे."

मी विचारलं, कधी केला होता फोन. बुवांना आठवेना. वहिनी म्हणाल्या, तुमी अंक दिऊन गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तो सगळा दिवस ते पान पुढ्यात घेऊन बसले हुते.

पेंटर, ज्या माणसानं एका ओळीसाठी अख्खा अंक परत पाठवला होता, त्याच्याकडून तुम्ही ती ओळ मागून घेतलीत. माझ्यासाठी. मी तुम्हाला चपलांपाशी बसवल्यावर दुसऱ्याच दिवशी. हे तुम्ही मला माफ केलंत, की कसं बसवतात ते एकदा नीट करून दाखवलंत, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही असेल. तुमच्या हातात दोन रंगांचे ब्रश एकदम असायचे.

पोरांनी म्हटलं, पार्टीनं म्हटलं, बुवांनी बसल्या जागी डोळे मिटून म्हटलं. मग मी. पेटीवाल्यानं न विचारता सूर खाली घेतला, खूप खाली, जिथं माझा आवाज उरला आहे तिथपर्यंत. आईकडून आलेली जात्यावरची एक ओवी म्हटली, दुसरं काही आठवेना. आवाज दोनदा तुटला. मांडवाच्या त्या पिवळ्या उजेडात मला क्षणभर खरंच वाटलं की मी पानावर बसले आहे, तळाशी, आणि माझ्याभोवती मोकळी जागा आहे. संपलं तेव्हा बुवा शेजारच्याला विचारत होते की बाई थांबल्या का, अजून म्हणा म्हणावं.

त्या दिवसाबद्दल मी तुमची ऋणी आहे. गळा गेला म्हणून मी कागदाच्या आड येऊन बसले होते, ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तुम्ही बारा वर्षं थांबलात. एवढं थांबणं मला जमणार नाही. मी चिडकी बाई आहे.

पण तुमचं सगळंच मी ऐकणार नाही. तुमच्यासाठी वेळेआधीच काढलेल्या या अंकाची अनुक्रमणिका मी हातानं केली आहे. अक्षर माझं, फळ्यावरचं, ओळी थोड्या चढत्या. तुम्ही मला शेवटी बसवलंत, मी स्वतःला पहिल्या ओळीवर आणून बसवलं आहे. हा लेख तिथं आहे, लहान अक्षरात. पहिल्यांदा कोण म्हणतं ते आता मला पक्कं माहीत आहे, ज्याला अजून शिकायचंय तो. त्याखाली लेझीमवाल्या पोरी, मग सनईवाले, मग बुवा. बुवांना फोन करून विचारलं, त्यांनी पुन्हा दे म्हटलं. आणि सगळ्यांत शेवटी 'डोक्यावर पेटी', तोच लेख, पुन्हा छापला आहे, तुमच्या नावासकट. भोवती भरपूर जागा सोडली आहे.

मोबाईलवर ती ओळ दिसत नाही. काल फोटो ग्रुपवर टाकला तेव्हा पाहिलं, खाली सरकवावं लागतं. दहा मिनिटांनी पुण्याहून एकानं विचारलं, शेवटी कोण आहे?